एक्स्प्लेनर : सफरचंदातली अळी, तिच्यावर जगणारी गांधीलमाशी आणि डार्विनना पत्र लिहिणारा लाकूड व्यापारी, कोण होते बेंजामिन वॉल्श?

उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षं, डायनोसॉर आणि खडकातले जीवाश्म डोळ्यांसमोर येतात. पण एका प्रजातीच्या दोन होण्याची सुरुवात दीड-दोनशे वर्षांतही होऊ शकते, आणि तीही चक्क सफरचंदाच्या बागेत. अमेरिकेतल्या एका छोट्या फळमाशीनं हे दाखवून दिलं. ही माशी फुटून वेगळी होऊ लागली, तशा तिच्या अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्याही वेगळ्या होऊ लागल्या. म्हणजे एका फांदीला फुटवा आला आणि त्या फुटव्यालाही फुटवे आले.

या गोष्टीचं पहिलं टोक १८६० च्या दशकात इलिनॉय राज्यातल्या एका निवृत्त लाकूड व्यापाऱ्याच्या हाती लागलं होतं. त्यांचं नाव बेंजामिन डॅन वॉल्श. कीटकशास्त्राच्या इतिहासात त्यांना मान आहे, डार्विनच्या पत्रव्यवहारात त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणी ऐकलेलं नाही.

केंब्रिजमधून थेट शेतावर

वॉल्श यांचा जन्म २१ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधून ते १८३१ मध्ये पदवीधर झाले. चार्ल्स डार्विनही त्याच वर्षी केंब्रिजमधून पदवी घेऊन बाहेर पडले, मात्र ते ख्राइस्ट्स कॉलेजचे. दोघांची तोंडओळख होती. डार्विनना तेव्हा भुंगेरे गोळा करण्याचं वेड होतं आणि वॉल्श यांनी डार्विनच्या खोलीवर जाऊन तो संग्रह पाहिला होता. वॉल्श स्वतःही किडे जमवायचे. पण त्या वयात दोघांपैकी कुणालाच हे आयुष्यभराचं काम होईल, असं वाटलं नसावं.

घरच्यांची इच्छा वॉल्श यांनी चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावं, अशी होती. ते त्यांना पटलं नाही. ते ट्रिनिटीचे फेलो झाले, ग्रीक शिकले आणि अ‍ॅरिस्टोफेनिसच्या विनोदी नाटकांचं इंग्रजी पद्यात भाषांतर करायला बसले. तीन खंडांची योजना होती. १८३७ मध्ये पहिला खंड निघाला, पुढचे निघालेच नाहीत. त्याच वर्षी त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या कारभारावर टीका करणारं पुस्तकही लिहिलं. थोडक्यात, पटलं नाही की बोलून मोकळं व्हायचं, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

१८३८ मध्ये लग्न झालेलं हे जोडपं अमेरिकेला निघालं. वॉल्श तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. इलिनॉयमधल्या हेन्री काउंटीत त्यांनी जमीन घेतली. गंमत म्हणजे जवळच्या गावाचं नावही केंब्रिजच होतं. ग्रीक नाटकं सोडून माणूस नांगर धरतो, यात आज आपल्याला थोडा रोमान्स वाटेल. पण तेव्हाचं तिथलं जगणं कष्टाचं होतं. पुस्तकं नाहीत, बोलायला विद्वान नाहीत. अशी सुमारे तेरा वर्षं त्यांनी शेती केली.

पुढे शेजारी वसलेल्या स्वीडिश लोकांच्या वसाहतीनं पाणी अडवलं, परिसरात पाणी साचू लागलं आणि मलेरिया पसरला. वॉल्शही आजारी पडले. शेत सोडून ते मिसिसिपी नदीकाठच्या रॉक आयलंड शहरात आले आणि इमारती लाकडाचा धंदा सुरू केला. तो चांगला चालला. १८५८ च्या सुमारास त्यांनी धंदाही सोडला, भाड्यानं देण्यासाठी छोटी घरं बांधली आणि उत्पन्नाची सोय लावून टाकली. याच काळात शहराच्या कारभारात गैरव्यवहार होत असल्याचा त्यांना संशय आला. ते थेट निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले, हिशेब बाहेर काढले आणि काम झाल्यावर राजीनामा देऊन घरी परतले.

पन्नाशीत, पोटापाण्याची चिंता मिटल्यावर, त्यांनी तरुणपणीचं किड्यांचं जाळं पुन्हा हातात घेतलं. त्यानंतर त्यांना उणीपुरी बाराच वर्षं मिळाली. त्यांचं नाव झालं ते या बारा वर्षांत.

डार्विनना पत्र

डार्विन यांचं ‘ओरिजिन ऑफ स्पिशीज’ १८५९ मध्ये आलं. वॉल्श यांच्या हाती ते १८६१ मध्ये पडलं. वाचण्यापूर्वी ते या कल्पनेच्या विरोधात होते. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्यावर ते पूर्ण बाजूनं झाले, आणि मग अमेरिकेत डार्विनसाठी जाहीरपणे भांडणाऱ्या मोजक्या कीटक अभ्यासकांत त्यांचा नंबर लागला. हार्वर्डचे लुई अ‍ॅगॅसिझ हे त्या वेळचं अमेरिकन विज्ञानातलं मोठं प्रस्थ होतं आणि ते उत्क्रांतीचे कट्टर विरोधक होते. रॉक आयलंडमध्ये बसून वॉल्श यांनी त्यांच्या चुका छापील लेखांत दाखवून दिल्या.

एप्रिल १८६४ मध्ये त्यांनी डार्विनना पत्र लिहिलं. केंब्रिजमधल्या भेटीची आठवण करून दिली, सोबत आपलं काम कळवलं. डार्विन तेव्हा आजारी होते, त्यामुळे उत्तराला काही महिने लागले. पण उत्तर आलं आणि पुढची पाच वर्षं, वॉल्श जाईपर्यंत, ही पत्रं चालू राहिली.

नेमकी कल्पना काय होती?

१८६४ मध्येच वॉल्श यांनी फिलाडेल्फियाच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक लांबलचक लेख लिहिला. त्यात त्यांचा प्रश्न साधा होता. दिसायला जवळपास सारखेच असलेले कीटक वेगवेगळ्या झाडांवर जगतात. ते एकाच प्रजातीचे की वेगळ्या?

त्यांचं उत्तर असं होतं : कीटकांचा एक गट जुनं झाड सोडून नव्या झाडावर जातो. पिढ्यान् पिढ्या तिथेच खातो, तिथेच जोडीदार शोधतो. जुन्या झाडावरच्या भाऊबंदांशी त्याचा संबंध कमी कमी होत जातो. सुरुवातीला फरक फक्त खाण्याच्या सवयीचा असतो, मग अंगात थोडा फरक दिसू लागतो, आणि शेवटी दोन स्वतंत्र प्रजाती उरतात. वॉल्श यांच्याकडे या प्रत्येक पायरीवरचे नमुने होते. एक जिना आहे आणि वेगवेगळे कीटक वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे आहेत, असं ते चित्र होतं. डार्विन यांनी आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये वॉल्श यांच्या या कामाचा नाव घेऊन उल्लेख केला.

यातली धाडसी बाजू लक्षात घ्या. नवी प्रजाती तयार व्हायला मध्ये डोंगर, समुद्र किंवा वाळवंट आडवं यावं लागतं, ही समजूत पुढे विसाव्या शतकातही घट्ट होती. वॉल्श म्हणत होते की एकाच बागेत, शेजारशेजारच्या दोन झाडांवरही हे घडू शकतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. विलो झाडावर कीटकांमुळे गाठी येतात. वॉल्श यांनी या गाठी जमवून घरी आणल्या आणि त्यातून काय काय बाहेर पडतं, याची नोंद ठेवली. गाठ बनवणारा कीटक एक, तिच्यात फुकट राहणारे भाडेकरू दुसरे आणि या सगळ्यांच्या अंगावर पोसणारे परोपजीवी तिसरे. एका गाठीत अख्खा वाडा भरलेला! घरभाड्यावर जगणाऱ्या माणसानं हे मन लावून पाहिलं असेल, यात नवल नाही.

सफरचंदात शिरलेली माशी

उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न नावाचं काटेरी झाड असतं. त्याला बोरांएवढी लाल फळं येतात. एक स्थानिक फळमाशी या फळांत अंडी घालते आणि अळ्या आतला गर खाऊन वाढतात. सफरचंद मात्र तिथलं नाही. ते सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी नेलं. दोनशे वर्षं या माशीनं सफरचंदाला त्रास दिल्याची नोंद नव्हती. मग १८५० च्या दशकानंतर न्यूयॉर्कच्या हडसन नदीखोऱ्यात बागायतदारांना सफरचंद कापल्यावर आत तपकिरी वाटा आणि पांढऱ्या अळ्या दिसू लागल्या.

वॉल्श यांनी १८६७ मध्ये या कीटकाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं. आज ही माशी ‘ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला’ म्हणून ओळखली जाते. त्यांनी टिपलेली खूण महत्त्वाची होती. इलिनॉयमध्ये हॉथॉर्नच्या फळांत ही माशी होती, पण तिथल्या सफरचंदांत नव्हती. पूर्वेकडे मात्र ती सफरचंदात शिरली होती. म्हणजे कीड बाहेरून आलेली नव्हती, स्थानिक माशीच्याच एका गटाला नवं फळ मानवलं होतं. आपण तीन वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडते आहे, हे वॉल्श यांनी ओळखलं.

शेतकऱ्यांचा कीटकतज्ज्ञ

हे सगळं चालू असताना त्यांचं रोजचं काम वेगळंच होतं. शेतीविषयक नियतकालिकांत ते किडींवर लिहायचे. १८६५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रॅक्टिकल एन्टोमॉलॉजिस्ट’ या मासिकाचं संपादन त्यांनी केलं आणि १८६८ पासून चार्ल्स राइली या तरुण सहकाऱ्यासोबत ‘अमेरिकन एन्टोमॉलॉजिस्ट’ काढलं. शेतकरी किडा पाठवायचे, वॉल्श छापील उत्तर द्यायचे. हमखास उपाय म्हणून खपवल्या जाणाऱ्या बोगस औषधांची ते इतकी खिल्ली उडवत की अ‍ॅरिस्टोफेनिसचा अभ्यास वाया गेला नाही, असं म्हणावं लागतं. सोशल मीडियावरच्या घरगुती नुस्ख्यांच्या काळात हा माणूस हवा होता.

१८६७ मध्ये इलिनॉयनं राज्य कीटकशास्त्रज्ञाचं पद निर्माण केलं आणि पहिली नेमणूक वॉल्श यांची झाली. राइलींसोबत त्यांनी १३ वर्षांनी जमिनीतून बाहेर येणाऱ्या सिकाडा कीटकांना १७ वर्षांवाल्यांपासून वेगळं ओळखलं. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्याचा पूर्वेकडे सरकणारा धोकाही त्यांनी वेळीच सांगितला.

पण आजच्या विषयाच्या दृष्टीनं त्यांची एक सूचना सगळ्यांत मोलाची. युरोपातून अमेरिकेत पोचलेल्या किडी तिथे इतक्या का माजतात? वॉल्श यांचं म्हणणं होतं, कीड आली, पण तिचे शत्रू मागेच राहिले. तेव्हा युरोपातून त्या किडीचे परोपजीवी मुद्दाम आणून सोडा. १८६६ च्या सुमारास हे ऐकायला विचित्र वाटलं आणि कुणी मनावर घेतलं नाही. आज हाच मार्ग जगभर वापरला जातो. पपईवरच्या पिठ्या ढेकणानं २००८ नंतर भारतात थैमान घातलं, तेव्हा २०१० मध्ये पोर्टो रिकोहून परोपजीवी कीटक मागवून आपल्याकडे सोडण्यात आले, महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांतही. त्यांनी हा पिठ्या ढेकूण आटोक्यात आणला.

पत्र वाचता वाचता

१२ नोव्हेंबर १८६९. वॉल्श रॉक आयलंडमध्ये टपाल घेऊन रेल्वे रुळांवरून चालत निघाले होते. एक पत्र वाचण्यात ते इतके गुंगले की मागून येणारी गाडी कळलीच नाही. पाय चिरडला आणि तो कापावा लागला. अंथरुणावरही त्यांचा विनोद सुटला नाही. बुचाच्या लाकडाचा पाय बसवला की किडे टोचायला टाचण्या खोचण्याची सोय होईल, असं ते पत्नीला सांगत होते, अशी आठवण नोंदवली गेली आहे. पण शरीराच्या आत झालेल्या इजा गंभीर होत्या. १८ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. ते ६१ वर्षांचे होते.

मागे सुमारे ३० हजार कीटकांचा संग्रह होता. इलिनॉय राज्यानं तो विकत घेतला आणि शिकागोत ठेवला. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला इतिहासातली ती मोठी आग लागली. संग्रह जळून गेला.

मग कल्पना बरोबर ठरली का?

बराच काळ नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात अर्न्स्ट मायर यांच्यासारख्या वजनदार शास्त्रज्ञानं भौगोलिक अडथळ्याशिवाय नवी प्रजाती होणं जवळपास अशक्य मानलं. वॉल्श यांची माशी म्हणजे एक जुनी मनोरंजक गोष्ट होऊन राहिली. १९६० च्या दशकात गाय बुश यांनी ती पुन्हा बाहेर काढली. १९८८ मध्ये जेफ्री फेडर, बुश आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जनुकीय पुरावा मांडला : सफरचंदावरच्या आणि हॉथॉर्नवरच्या माश्या जनुकीयदृष्ट्या खरंच वेगळ्या होत आहेत.

हे घडतं कसं? इथे वेळापत्रक महत्त्वाचं आहे. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा साधारण तीन-चार आठवडे आधी पिकतं. प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते आणि वर्षात एकच पिढी होते. त्यामुळे सफरचंदवाल्या माश्या लवकर बाहेर पडतात, हॉथॉर्नवाल्या उशिरा. त्यात या माश्या जोडीदार शोधतात ते फळावरच, आणि आपलं फळ वासावरून ओळखतात. शिफ्ट वेगळी, ऑफिस वेगळं, मग ओळख होणार कुठे? तरीही पिढीमागे सुमारे ४ ते ६ टक्के सरमिसळ होतेच. म्हणून त्या अजून पूर्ण वेगळ्या प्रजाती नाहीत, वॉल्श यांच्या जिन्यावर मधल्या पायरीवर आहेत.

आता गांधीलमाशीची एंट्री

इथे एक शब्द समजून घेऊ. ऊ किंवा गोचीड यजमानाला सहसा मारत नाही, त्याच्यावर जगते. परोपजीवी गांधीलमाशी मात्र यजमान कीटकाच्या अंगात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून खाऊन संपवते. राज्यात ऊस किंवा कपाशीवर ट्रायकोकार्ड लावणाऱ्या शेतकऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

ऱ्हॅगोलेटिसच्या मागावर अशीच एक गांधीलमाशी असते, ‘डायकॅस्मा अ‍ॅलोइयम’. ती फळावर बसते, आतल्या अळीचा माग काढते, लांब नळी फळात खुपसते आणि अळीच्या अंगात अंडं सोडते. अळी जमिनीत जाऊन कोष करते, तेव्हा आतला पाहुणा तिला खाऊन टाकतो आणि पुढच्या हंगामात माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते.

सफरचंदात गेलेल्या माशीला सुरुवातीला यापासून मोठा दिलासा मिळाला. सफरचंद मोठं आहे, अळी खोल शिरली की नळी पोचत नाही. सफरचंदातल्या अळ्यांना परोपजीवींचा त्रास हॉथॉर्नपेक्षा बराच कमी होतो, हे १९९० च्या दशकात मोजलं गेलं. पण शत्रू मागे राहिला नाही. काही गांधीलमाश्या सफरचंदापर्यंत पोचल्या. आणि मग त्यांच्याही बाबतीत तेच घडू लागलं.

अँड्र्यू फोर्ब्स, फेडर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये याचे पुरावे दिले. सफरचंदवाल्या गांधीलमाश्या आणि बाकीच्या फळांवरच्या गांधीलमाश्या यांत जनुकीय फरक पडला होता. आपल्या फळाचा वास त्यांना ओढतो, परक्या फळाचा वास त्या टाळतात. कोषातून बाहेर पडण्याच्या वेळाही आपापल्या माशीच्या वेळापत्रकाला जुळलेल्या. गांधीलमाश्यांचं मीलनही फळांच्या आसपासच होत असल्यानं सरमिसळ आपोआप कमी होते. म्हणजे माशीला वेगळं करणारी कारणंच गांधीलमाशीलाही वेगळं करत होती. मधल्या काळात गांधीलमाशीला सफरचंदाशी थेट देणंघेणं काहीच नव्हतं, ती फक्त आपल्या भक्ष्याच्या मागे गेली.

२०१५ मध्ये ग्लेन हूड, फोर्ब्स, फेडर आणि सहकाऱ्यांनी आवाका वाढवला. याच गटातल्या माश्या सफरचंद आणि हॉथॉर्नखेरीज ब्लूबेरी आणि स्नोबेरीवरही जगतात. शिवाय त्यांच्या मागावर एक नव्हे, तीन जातींच्या गांधीलमाश्या असतात. कुणी अंड्यावर हल्ला करते, कुणी वाढलेल्या अळीवर. शास्त्रज्ञांनी तिन्ही तपासल्या, आणि तिन्ही यजमान माशीनुसार वेगवेगळ्या गटांत विभागल्या जात असल्याचं आढळलं. इथे गणित बेरजेचं राहत नाही, गुणाकाराचं होतं. खाली एक फाटा फुटला की वर एकाच वेळी तीन ठिकाणी फाटे फुटू शकतात.

प्रत्येक वेळी असंच होतं का? नाही. जी गांधीलमाशी अनेक प्रकारच्या यजमानांवर जगते, तिला एका माशीच्या मागे फुटून जाण्याची गरज नसते. गोल्डनरॉड नावाच्या रानझाडावरच्या गाठींचा अभ्यास झाला, तेव्हा काही परोपजीवी यजमानासोबत वेगळे होताना दिसले, तर काही झाले नाहीत. यजमानाशी नातं जितकं घट्ट, तितकी साखळी पुढे सरकण्याची शक्यता जास्त.

जगात सर्वांत जास्त प्रजाती भुंगेऱ्यांच्या, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. केंब्रिजच्या त्या खोलीतल्या पेटीत होते तेच भुंगेरे. २०१८ मध्ये फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी या समजुतीला आव्हान दिलं. जवळपास प्रत्येक कीटकाच्या मागे परोपजीवी गांधीलमाश्या आहेत आणि त्यातल्या अनेक एकाच यजमानाला धरून आहेत, हे लक्षात घेतलं तर मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांचा गट भुंगेऱ्यांच्याही पुढे जातो, असं त्यांचं गणित सांगतं. हे गणित मांडायला त्यांनी नीट अभ्यासलेले चार कीटकगट निवडले. त्यातला एक होता ऱ्हॅगोलेटिस.